इस्त्रीच्या टेबलावरचा ससा

३ फेब्रुवारी, मंगळवार

मुलगी आज आईचे उरलेले कपडे घेऊन गेली. जिन्यात थांबून म्हणाली, "बाबा, शेवटचं सांगते. महिनाअखेर आईला एक दुपार इथं घेऊन येते. खोकला आला नाही तर ससा राहील. आला, तर ससा जाईल. आई की ससा, यात विचार करण्यासारखं आहे काय?"

विचार करण्यासारखे काहीच नाही. मी तसे म्हटलेही. मुळात हा प्राणी घरात आणू नये असेच माझे मत होते व ते मी तो आला त्याच दिवशी स्पष्ट शब्दांत सांगितले होते. परंतु काल सौभाग्यवती फोनवर म्हणाली — "बुवा नसेल तर त्या घरात येऊन मी भिंतीशी बोलू का? तुम्ही तर बोलतच नाही."

हे अन्यायाचे आहे. मी बोलतो. आवश्यक तेवढे बोलतो.

छातीच्या डॉक्टरांचे निदान असे, की हिचा दमा सशाच्या केसांमुळे बळावतो. इस्पितळातून ती थेट मुलीकडे गेली, नदीपलीकडे. घरी मी आणि बुवा. बुवा म्हणजे ससा. पांढरा, लांब केसांचा. कानांवर झुबके, डोळ्यांवर झिपऱ्या, हनुवटीखाली दाढी — म्हणून हिने ठेवलेले नाव. तो हलल्यावाचून तोंड कोणते आणि पाठ कोणती हे उमगत नाही. बसतो तेव्हा कोणी उशी फाडून जमिनीवर ठेवली आहे असे वाटते.

जन्मभर धुलाईचे दुकान चालवले. शाई, गंज, वंगण, रक्त — माझ्या हातून निघाला नाही असा डाग आठवत नाही. एका सशापुढे मी हात टेकणार नाही. ती येईल, तो राहील, घर स्वच्छ असेल. तिन्ही होईल.

४ फेब्रुवारी, बुधवार

बुवाला खाली दुकानात हलवले. घर वर, दुकान खाली; दुकानाचे दार रस्त्यावर उघडते, जिन्यात नाही. त्यामुळे खालचा केस वर येण्याचे कारण उरत नाही. गेल्या वर्षी धंदा बंद केल्यापासून इस्त्रीचे टेबल रिकामेच आहे. त्यावर घोंगडी अंथरली, वर पांढरी चादर ताणून चारी कोपरे खाली दुमडले. बुवाला वर ठेवले.

हिचा कंगवा घेतला. बारीक लोखंडी दात, लाकडी मूठ. मूठ तिच्या बोटांनी झिजून एका बाजूस खोलगट झाली आहे. माझा अंगठा त्या खळग्यात बसत नाही.

पाठीवरून दोन-चार वेळा फिरवला. केस सुटले, उडाले, आणि — खाली पडेनात! काचेच्या दारातून उन्हाचा पट्टा येतो, त्यात ते तरंगत राहिले. कोठे जाण्याची घाई नाही. मी कंगवा हातात धरून किती वेळ पाहत राहिलो कोण जाणे.

शेजारच्या चावीवाल्याने दारातून डोकावले. "काय काका! गिऱ्हाईक दाढीला बसलंय वाटतं?"

मी म्हटले, "काम चालू आहे."

"चालू द्या, चालू द्या. मागून जरा बारीक ठेवा!"

या माणसास पोच नाही.

५ फेब्रुवारी, गुरुवार

बुवा चावला. अंगठ्यास. गाठ ओढली म्हणून. मी तरी काय करणार, गाठ होती.

७ फेब्रुवारी, शनिवार

सौभाग्यवतीशी फोनवर बोलणे झाले. अंगठ्याचे सांगावयाचे नव्हते. आवाजावरून ओळखले तिने.

"ओढलीत ना गाठ?"

"सोडवत होतो."

"अहो, ते धोतर आहे का झटकायला? गाठीच्या मुळाशी दोन बोटांनी धरायचं. म्हणजे कातड्याला ताण बसत नाही. मग टोकाकडून थोडं थोडं सोडवत आत यायचं. आणि कात्री लावू नका हो! त्याचं कातडं ओल्या कागदासारखं असतं, केसांबरोबर वर उचललं जातं, कळतसुद्धा नाही."

"बरे."

"आणि काखेत पाहिलंत का? कानामागे? शेपटीखाली? गाठी तिथं धरतात. तुम्ही वरवर फडकं मारल्यासारखं करत असाल."

वरवर फडके मी आयुष्यात मारलेले नाही. परंतु काखेत पाहिले नव्हते, हे खरे.

मग ती म्हणाली, "आधी फुंकर घाला. केस दुभंगतात. मुळाशी गुलाबी कातडी दिसली की समजायचं, इथं साफ आहे. नाही दिसली तर तिथं काम आहे." एवढे बोलून तिला धाप लागली. मुलीने फोन घेतला.

सायंकाळपूर्वी खाली जाऊन फुंकर घालून पाहिली. पांढऱ्या केसांत एक खळगा पडतो, त्याच्या तळाशी गुलाबी ठिपका. फुंकर थांबली की मिटतो. पुन्हा घातली. पुन्हा उघडला. वाऱ्याने गवत दुभंगावे तसे.

बुवाने डोळे मिटले होते. असेच कोणी माझ्या कपाळावर फुंकर घालीत असे, लहानपणी, ताप आल्यावर. कोण ते आठवले नाही. हात आठवला नाही, वाराच आठवला.

८ फेब्रुवारी, रविवार

दुपारी दुकानातल्या खुर्चीत डोळा लागला. स्वप्न पडले. दांडीवर सदरे टांगले होते, नेहमीसारखे, परंतु प्रत्येक सदरा श्वास घेत होता. छाती वर, छाती खाली. मी एकेकाच्या खिशाला चिठ्ठी लावीत चाललो होतो. शेवटचा सदरा हिचा होता — ही सदरा घालीत नाही, तरी हिचाच होता — आणि तो मात्र स्थिर लटकत होता. मी त्याला फुंकर घातली.

जागा झालो तेव्हा बुवा टेबलाच्या काठावर येऊन माझ्या बाहीचे बटण चाटत होता.

१० फेब्रुवारी, मंगळवार

आज लेंड्या एकमेकांस केसांनी जोडलेल्या निघाल्या — मण्यांची माळ ओवावी तशा. घाबरलो नाही. परंतु सौभाग्यवतीस लगेच फोन केला.

"पोटात केस गेलेत त्याच्या. तो स्वतःला चाटतो ना! मांजर ओकून टाकतं, सशाला ओकता येत नाही. वाळलं गवत भरपूर द्या. गवतानं आतडं झाडून निघतं. कोबी-बिबी बंद."

"गाजर?"

"लाड नकोत. गवत! आणि हे बघा, एक वेळ जरी खायचा थांबला ना, तर थेट डॉक्टरीणबाईंकडे. उद्या बघू, असं सशाच्या बाबतीत नसतं."

वाळलेल्या गवताचा भारा आणला. दुकानास आता साबणाऐवजी शेताचा वास येतो. बुवा खातो तेव्हा एक काडी तोंडात आडवी घेतो व ती हळूहळू आत आत जाते, टोक दिसेनासे होईपर्यंत. बघत राहिले की आपणही कोठे तरी आत आत चाललो आहोत असे वाटू लागते.

ठीक आहे. काम राहिले आहे.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

वरचे घर तीन वेळा पुसून काढले. पडदे उतरवून धुतले. गाद्या गच्चीवर नेऊन झोडल्या. शेवटी माझी जुनी परीक्षा लावली — काळ्या सर्जेच्या कापडाचा तुकडा ओलसर करून खुर्चीच्या पाठीवरून फिरवला. काळ्यावर पांढरे लपत नाही. पाच केस! पलंगाखाली आणखी. खिडकीच्या फटीत आणखी.

खालून वर येण्यास वाव नाही. दुकानात मी जुना झगा घालतो, तो तेथेच खुंटीला ठेवतो, हातपाय घासून धुतो, मगच जिना चढतो. म्हणजे हे जुनेच केस आहेत, भिंतींत मुरलेले. निघतील. परंतु बुवा नवे केस टाकतच राहिला तर निकाल कसा लागणार? पुढेमागे तो वर यावयाचाच आहे. तिच्या मांडीवर बसावयाचाच आहे. त्यासाठीच तर सारे चालले आहे.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

उपाय सुचला. इतके दिवस कसा सुचला नाही याचे नवल वाटते.

नवी लोकर पहिल्या धुण्यात सुटे केस टाकते आणि मग गप्प राहते. हे लोकरीचे काम केलेल्या कोणासही विचारावे. नवा स्वेटर आठवडाभर अंगास केस लावीत राहतो. एकदा रीतसर धुतला की लावीत नाही. बुवास अद्याप कोणी रीतसर धुतलेले नाही. सौभाग्यवती नुसते विंचरते.

कोमट पाणी. लोकरीचा सौम्य साबण. चोळावयाचे नाही, पिळावयाचे नाही, फक्त दाबावयाचे. मग टॉवेलात गुंडाळून पाणी टिपावयाचे. माझ्या हाताखालून उंची शाली गेल्या आहेत. एकीचाही धागा कधी आवळला नाही.

तिला आधी सांगणार नाही. बुवा रेशमासारखा झाला की मग सांगेन.

१४ फेब्रुवारी, शनिवार

धुतला.

त्याच दिवशी, सायंकाळ

लिहिणे भाग आहे.

पाणी कोपराने तपासले होते. गरम नव्हते, थंड नव्हते. पाण्यात ठेवताच तो एकदाच धडपडला, मग गप्प बसला. त्यास आवडले, असे मला वाटले! साबण लावला, दाबला, दुसऱ्या पाण्यातून काढला. भिजल्यावर केवढासा झाला — हाडांची मूठ आणि दोन कान. टॉवेल टेबलावर पसरला. त्यावर त्यास निजवले. स्वेटर गुंडाळतात तसा, एका कडेने सुरुवात करून, हळूहळू, दोन्ही हातांनी सारखा दाब देत गुंडाळला.

गुंडाळी उलगडली तेव्हा तो उठला नाही. मान एका बाजूस. कान थंड. डोळे उघडे, पण त्यांत बघणे नव्हते.

टॉवेलासकट छातीशी धरून रस्त्यावर आलो. चावीवाल्याने तोंड उघडले होते, काही थट्टा करणार होता. माझ्याकडे पाहिले आणि दुकान तसेच उघडे टाकून मला हाताला धरून रस्ता ओलांडून दिला. जनावरांच्या डॉक्टरीणबाईंच्या दारापर्यंत आला.

डॉक्टरीणबाई तरुण आहेत. वाद घातला नाही. ऊन पाण्याच्या बाटल्या, मऊ पंचे, एक इंजेक्शन, मग केस वाळवण्याचे यंत्र — अगदी मंद, लांबून. "ससा पाण्यात घातला की घाबरून जातो, आजोबा. गप्प बसला म्हणजे आवडलं असं नसतं. आणि हे केस आतून तासन्‌तास ओले राहतात, अंगातली ऊब ओढून घेतात. त्यातून तुम्ही घट्ट गुंडाळलंत."

मी म्हटले, "लोकरीची हीच रीत आहे."

त्या म्हणाल्या, "हो. पण या स्वेटराच्या आत कुणीतरी होतं."



१५ फेब्रुवारी, रविवार

जिवंत आहे. रात्र त्यांच्याकडे काढली. सकाळी घेऊन आलो. खात नाही. डॉक्टरीणबाईंनी गवताची पातळ पेज पिचकारीने भरवावयास दिली आहे. गालाच्या कडेने, थेंब थेंब. अर्धी माझ्या सदऱ्यावर.

दिवसभर दुकानात खुर्चीवर बसून होतो. तो कोटाच्या आत, छातीपाशी. त्याचे काळीज इतक्या जलद चालते की ठोके वेगळे लागत नाहीत, नुसती थरथर. माझे त्या खाली संथ. काही वेळाने कोणते कोणाचे हे कळेनासे झाले. रस्त्यावरून माणसे जात होती, काचेवर त्यांच्या सावल्या येत होत्या, पुसल्या जात होत्या. आम्ही दोघे त्या काचेच्या मागे कोमट पाण्यात बुडून असल्यासारखे. पाणी हे आता मनात येऊ नये, पण आले.

१६ फेब्रुवारी, सोमवार

दुपारी त्याने गवताची एक काडी घेतली. आडवी. ती आत आत गेली!

मी मोठ्याने काही तरी बोललो असावे. चावीवाला धावत आला. "काय झालं? गेला?"

"जेवला," मी म्हटले.

तो मट्‌कन पायरीवर बसला. "काका, असं ओरडायचं नसतं हो. माझं काळीज काय लोखंडाचं आहे?"

त्यानंतर सौभाग्यवतीस फोन लावला. उभा राहून बोललो. "तुझ्या सशास मी पाण्याने धुतले. तो मरणाच्या दारातून परत आला आहे. चूक सर्वस्वी माझी आहे."

ती म्हणाली, "आता खातोय?"

"एक काडी खाल्ली."

"मग ठीक आहे." पुढे म्हणाली, "अहो, धुतलंत म्हणजे? कसं?"

क्रमाने सांगितले. कोपराने पाणी तपासणे. दाबणे. टॉवेल.

"गुंडाळलंत?"

"होय."

"स्वेटरासारखं?"

"होय."

आधी वाटले ती रडते आहे. ती हसत होती. हसता हसता खोकला आला, खोकता खोकता पुन्हा हसू. मुलीचा आवाज मागून — "आई, पुरे! बाबा, काय सांगताय तिला?" फोन बंद झाला.

ती बऱ्याच दिवसांत हसली नव्हती. ते हसणे माझ्या कानात आहे. तो खोकलाही आहे.

१८ फेब्रुवारी, बुधवार

ओल्याने केसांचा नमदा झाला आहे. पोटाखाली तर जाजमासारखा घट्ट थर. ओली लोकर घासली गेली की आटते — हे मी इतरांस शिकवीत आलो! कंगव्याने सुटणे नाही. काढावा लागेल.

डॉक्टरीणबाई केस कापण्याचे यंत्र घेऊन दुकानातच आल्या. मला म्हणाल्या, कातडे ताणून सपाट धरा, सुरकुती राहता कामा नये, सुरकुतीत कापतं. सुरकुती काढणे मला येते. बाही ताणतो तसे पायाजवळचे कातडे दोन बोटांनी ताणले. त्या यंत्र फिरवीत गेल्या. नमदा एकसंध सुटत आला. मध्ये मध्ये थांबून यंत्राचे पाते गालाला लावून पाहत, तापले तर नाही ना. थोडे काढायचे, सशाला विश्रांती, पुन्हा थोडे. सारी दुपार गेली.

शेवटी टेबलावर एक लहानसा, गुलाबी झाक असलेला प्राणी बसला होता. एवढासाच! लांब कान, नाजूक हाडे, मोठे काळे डोळे — इतकी वर्षे झिपऱ्यांआड होते. त्याने माझ्याकडे पाहिले. जणू बऱ्याच काळाने खिडकी उघडली होती आणि तो पाहत होता, समोर कोण राहते.

"पावशेर बुवा आणि पाच शेर दाढी," चावीवाला म्हणाला. या वेळी मला हसू आले. मी आवरले नाही.

२१ फेब्रुवारी, शनिवार

आता रोजचे काम असे. सकाळी लघवीने ओले झालेले गवत काढून कोरडे घालणे. ओल्यावर बसला की तळपाय सडतात. शेपटीखाली पाहणे, काही चिकटले असल्यास पाणी नाही! मक्याचे पीठ चोळून कोरडेच झाडून काढणे. कान आतून पाहणे. नखांची टोके उजेडासमोर धरणे — आतली लाल शीर दिसते, तिच्या अलीकडे कापणे. आखूड केसांवरून मऊ ब्रश. एवढे झाले की बुवा टेबलावर पोट टेकून पाय मागे सोडून पसरतो आणि दात अगदी हळू वाजवतो. सौभाग्यवती म्हणते, ते त्याचे सुख आहे. जोरात वाजवले तर दुखणे.

तो आवाज ऐकत बसावे. दूर कोणी तरी वाळूवरून चालत यावे, पण पोहोचू नये, असा तो आवाज आहे.

दिवस आता लांबले आहेत. उन्हाचा पट्टा टेबलाच्या एका कडेने चढतो, त्याच्या पाठीवरून जातो, दुसऱ्या कडेने उतरतो. तेवढ्यात दुपार होते. आयुष्यात एवढी दुपार मी कधी पाहिली नव्हती. दुकानात नेहमी वाफ असे.

आज मी त्याच्याशी बोललो. काय बोललो ते येथे लिहीत नाही.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

काळी सर्ज वरच्या घरात सर्वत्र फिरवली. पलंग, खुर्च्या, फटी, पडद्यांच्या घड्या. काळी गेली, काळी आली. एकही केस नाही!

मुलीस कळवले. म्हणाली, "बघू या."

२८ फेब्रुवारी, शनिवार

ती आली.

जिना सावकाश चढली, एक हात कठड्यावर, एक माझ्या हातावर. वाळली आहे. पातळाचा काठ पूर्वी घोट्यावर येत असे, आता जमिनीस लागतो. दारात उभी राहून नाकाने हवा घेतली, तोंडाने सोडली. मुलगी तिच्या तोंडाकडे पाहत होती. मी तिच्या छातीकडे.

काही झाले नाही.

ती आत आली, आपल्या खुर्चीत बसली, चहा घेतला. म्हणाली, "किती पांढरं केलंय हो घर! इस्पितळातून इस्पितळात आल्यासारखं वाटतं." मग पलंगावर आडवी झाली, आणि तिला झोप लागली. खोकल्याविना! खिडकीतून वारा येत होता, स्वच्छ पडदा आत येई, बाहेर जाई. तिचा श्वास पडद्याबरोबर चालला होता. मुलगी माझ्याकडे पाहून मान हलवून म्हणाली, "जिंकलात, बाबा." मी ताठ उभा राहिलो.

खाली जाऊन बुवास गवत घालून आलो. झगा खाली काढला, सदरा बदलला, कोपरापर्यंत हात घासले, तोंड धुतले. मग वर येऊन तिच्या उशाशी बसलो. तिने डोळे उघडले. "कसा आहे?" म्हणाली. तो कसा डोळे उघडे ठेवून पाहतो, ते मी सांगू लागलो. सांगता सांगता जवळ सरकलो असेन.

खोकला आला. लहान, मग मोठा, मग थांबेना. ओठांभोवती निळसर झाले. मुलीने औषधाचा फवारा दिला, तिला धरून खिडकीपाशी नेले. मी पुढे झालो तर मुलगी ओरडली, "बाबा, तुम्ही लांब राहा!"

ओरडल्यावर तिलाही कळले, आपण काय बोललो ते.

छातीच्या डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, दिसतो तो केस म्हणजे सर्व नव्हे. सशाच्या लाळेची, कोंड्याची धूळ इतकी बारीक असते की डोळ्यास दिसत नाही; जो त्याचे सारे करतो त्याच्या अंगात, डोक्याच्या केसांत, श्वासात बसते. धुऊन पुरते जात नाही.

घर स्वच्छ होते. डाग मी होतो.

मुलगी आठवडाभर येथेच राहणार आहे. सोमवारी सकाळी ससा डॉक्टरीणबाईंकडे द्यावयाचा. त्या चांगले घर पाहतील. हे ठरले. सौभाग्यवती भिंतीकडे तोंड करून निजली होती. म्हणाली, "द्या. माझ्यामुळं तो पाण्यातून गेला ते काय कमी होतं, आता घरातूनही जाऊ दे."

मी म्हटले, "ठीक आहे."

१ मार्च, रविवार

आज त्याचे सारे केले. कान, नखे, शेपटीखाली, ब्रश. सावकाश केले. केस थोडेसे वाढले आहेत. फुंकर घातली की लहानसा खळगा पडतो. तळाशी गुलाबी.

दुकानातच बसून राहिलो. वर जेवावयास गेलो नाही; गेलो असतो तर तिच्यापासून लांब बसावे लागले असते. मुलीने ताट पायरीवर आणून ठेवले व थोडा वेळ काचेतून पाहत उभी राहिली. आत येऊ का, असे हाताने विचारले. मी नको म्हटले. तिच्या पदरातून धूळ वर गेली असती.

टोपलीत गवत घातले, वर जुना मऊ टॉवेल. तो टोपलीत न बसता माझ्या चपलेवर बसला. ऊन त्याच्या पाठीवरून गेले. मी त्यास म्हटले, तेथे अंगण असेल. असेल की नाही मला ठाऊक नाही.

मधेच पेंग आली. वर ती चालते आहे, पंखे सुरू आहेत, कोणी तरी दांडीवरचे सारे सदरे उतरवून नेत आहे — असे काही दिसत होते. सदरे गेल्यावर भिंत केवढी मोठी होती! तेथे काय काय मावले असते!

२ मार्च, सोमवार

मुलगी रिक्षा घेऊन दारात आली तेव्हा बुवा टेबलावर गवत खात होता आणि मी खाटेचे पाय जोडत होतो. वाफेचे यंत्र हलवण्यास चावीवाल्याने हात दिला होता. भिंतीशी खाट बरोबर बसते. "बाबा, हे काय चाललंय?" — "घर तुझ्या आईचे. धूळ येथे राहील," मी म्हटले. रिक्षा रिकामी परत गेली.

थोड्या वेळाने वरच्या खिडकीतून हाक आली. तिने दीर्घ श्वास घेतलेला मला खाली ऐकू आला. "अहो! म्हणजे आता मला तुमच्याशी बोलायला गिऱ्हाईक म्हणून यावं लागणार?"

मी रस्त्याच्या मधोमध जाऊन उभा राहिलो, तिला दिसेन असा. म्हटले, "यावे. दुकान रोज उघडे आहे. वारा पाठीशी घेऊन उभे राहून बोलावे. मी पुष्कळ बोलणार आहे."